जुन्या गार्डन ट्रॅक्टरचं इंजिन बदलायचंय: नवीन घेण्याआधी काय काय तपासू, काय काय मोजू?

जुनं_लोखंड
मंडळी, सल्ला हवाय. माझ्याकडे एक जुना गार्डन ट्रॅक्टर आहे. नुसतं गवत कापायचा हलका ट्रॅक्टर नव्हे. जाड चॅनेलची चासी, मागे बिडाचा गिअरबॉक्स, पुढे माती ढकलायचं ब्लेड आणि मागे छोटा नांगर लागतो. इंजिन १२ हॉर्सपॉवरचं, एक सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, साइड व्हॉल्व्ह, शाफ्ट आडवा. शाफ्टवरच्या पुलीवरून पट्ट्याने गिअरबॉक्स फिरतो आणि त्याच शाफ्टच्या टोकाला गवताच्या डेकसाठी (खालच्या पात्यांच्या खोक्यासाठी) इलेक्ट्रिक क्लच बसवलाय. सेल्फ आणि डायनॅमो एकच आहे, तोही पट्ट्यावरचा. इग्निशन पॉइंटचं, बॅटरी कॉइलवर चालणारं.

थंड असताना लगेच उठतं, पण तापलं की सेल्फ मारत बसावं लागतं. निळा धूर, तेल खाणं, आणि चढावर लोड आला की खालून ठक ठक आवाज. गिअरबॉक्स मात्र ठणठणीत आहे, तेलाचा थेंब गळत नाही, चासीला कुठे चीर नाही. असा ट्रॅक्टर भंगारात घालायची माझी अजिबात तयारी नाही.

होंडा जीएक्स३९० सारखं नवं इंजिन बसवायचा विचार आहे. कागदावर १२ च्या जागी साधारण तेवढीच ताकद दिसते. फक्त चार बोल्ट जुळवून काम होईल, की आणखी काही बदलावं लागेल?

तेलकट_हात
आधी जुनं इंजिन खरंच गेलंय का ते बघा. तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारींमागे तीन वेगळी कारणं असू शकतात. निळा धूर ब्रीदर (इंजिनच्या पोटातला दाब बाहेर सोडणारी वाट) तुंबल्यानेही येतो. तापल्यावर न उठणं हे व्हॉल्व्हचं क्लिअरन्स संपल्याचं लक्षण असू शकतं. ठक ठक आवाज पुली किंवा फ्लायव्हील ढिलं असलं तरी येतो.

कॉम्प्रेशन गेज लावून निकाल देऊ नका. या जातीच्या बऱ्याच इंजिनांत कॅमवर कॉम्प्रेशन रिलीज असतो. सेल्फ मारताना तो एक व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो, त्यामुळे चांगल्या इंजिनचं रीडिंगही कमी येतं. लीक-डाउन करा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला वर आणा, प्लगच्या भोकातून हवा भरा आणि कान लावा. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा आणि बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ते भोक). हेडच्या कडेला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर पॅकिंग गेलंय. हवा सोडली की पिस्टन शाफ्टला जोरात फिरवू पाहतो, तेव्हा फ्लायव्हीलच्या नटावर पाना ठेवून हात जवळ धरू नका. मनगट मोडू शकतं.

मग हेड काढा. साइड व्हॉल्व्हचं हेड म्हणजे एक झाकण, बोल्ट काढले की हातात येतं. पिस्टन निम्म्यावर आणून फ्लायव्हील हाताने अगदी हळू मागेपुढे करा.

बागवेडी
वाचतेय. माझ्याकडेही असाच एक शेडमध्ये उभा आहे. हा धागा अर्धवट सोडू नका ही विनंती.

जुनं_लोखंड
तेलकट_हात, सांगितलं तसं सगळं केलं. ब्रीदर साफ होता. हवा भरली तर तेलाच्या तोंडातून एवढा जोर की डिपस्टिक उडायला आली. सायलेन्सरमधूनही थोडी हवा येत होती. हेड काढलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला बोअरमध्ये उभे ओरखडे आहेत, नख फिरवलं की अडकतं. वरच्या टोकाला, रिंगा जिथून परत फिरतात तिथे, स्पष्ट कडा तयार झालीय. आणि फ्लायव्हील मागेपुढे करताना शाफ्ट थोडा फिरतो, पिस्टन जागच्या जागी राहतो, मग बारीक टक आवाज होऊन तो हलतो.

तेलकट_हात
मग बोअरही गेलाय आणि रॉडही (पिस्टनला शाफ्टशी जोडणारा दांडा). नखाला लागणारा ओरखडा होनिंगने, म्हणजे दगडाने हलकं घासून, जात नाही.

तरी अशी इंजिनं पुन्हा बांधता येतात, हे नक्की सांगेन. उदाहरणार्थ, कोहलरच्या के मालिकेला ०.०१०, ०.०२० आणि ०.०३० इंच मोठ्या मापाचे पिस्टन निघाले होते. बिडाचा ब्लॉक असल्याने बोअर मोठा करता येतो. रॉड ॲल्युमिनियमचा, त्यात वेगळी बेअरिंग शेल नसते, रॉड थेट क्रँकपिनवर फिरतो. म्हणून पिन झिजून लंबगोल झाली की ती ग्राइंड करायची आणि ०.०१० इंच कमी मापाचा रॉड घालायचा. पण बोअर आधीच एकदा शेवटच्या मापाला गेलेला असेल, किंवा पार्ट मिळत नसतील, तर नवं इंजिन शहाणपणाचं. पिस्टनच्या डोक्यावर आकडा ठोकलेला आहे का बघा.

आणि उघडलंच आहे तर आत बॅलन्स गिअर आहेत का तेही पाहा. त्या काळच्या काही मोठ्या एकसिलिंडर इंजिनांत थरथर कमी करायला असे जड गिअर बसवत. त्यांच्या पिना किंवा बेअरिंगं झिजली की गिअर सुटून ब्लॉकला भोक पाडतो. रीबिल्ड करणारे बरेच जण ते काढूनच टाकतात. थोडी थरथर वाढते, ब्लॉक वाचतो.

जुनं_लोखंड
पिस्टनवर .०३० आहे. म्हणजे शेवटचं माप. नवीन इंजिन नक्की.

मोजमाप
आता माझं ऐका. पैसे भरायच्या आधी व्हर्नियर घेऊन ट्रॅक्टरखाली झोपा.

शाफ्टपासून सुरुवात करा. जुन्या ट्रॅक्टरांवर बहुधा १ इंच, म्हणजे २५.४ मिमी. जीएक्स३९० मात्र २५ मिमी आणि २५.४ मिमी अशा दोन्ही शाफ्टमध्ये येतं. ऐकायला फरक ०.४ मिमीचा, पण जुनी पुली २५ च्या शाफ्टवर घातली की ती डगडगते आणि थोड्याच दिवसांत चावी (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) आणि खाच दोन्ही खाऊन टाकते. चावीचं माप वेगळं, टोकाच्या भोकातले आटेही वेगळे. १ इंची शाफ्टला पाव इंचाची म्हणजे दोन सुताची चावी असते. इंजिन मागवताना शाफ्टचा कोड वाचून मागवा, नुसतं नाव सांगून नाही.

मग लांबी. तुमच्या शाफ्टवर पुली आणि त्यापुढे क्लच, असं दोघांचं ओझं आहे. दोन्हींची मिळून जाडी मोजा, मधल्या वॉशर आणि स्पेसरसकट. जीएक्स३९० चा सरळ शाफ्ट साधारण ८८ मिमी बाहेर येतो. त्यात दोघं बसत नसतील तर सगळं काम तिथेच थांबतं. शाफ्टला जोडतुकडा लावून लांब करायचा विचारही करू नका. ३६०० आरपीएमला पट्ट्याचा ताण टोकावर आला की तो भाग वाकतो किंवा तुटून उडतो.

त्यानंतर शाफ्टची उंची, म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत. जुनी जास्त असेल तर खाली जाड पट्टी घालून उचलता येतं. जुनी कमी असेल तर चासी कापावी लागेल, आणि ते मी कुणालाच सुचवणार नाही. बोल्टची भोकं जुळणार नाहीत हे धरूनच चाला. १० ते १२ मिमीची सपाट प्लेट घ्या, जुन्या भोकांवर प्लेट आणि प्लेटवर नवं इंजिन. नव्या इंजिनची भोकं थोडी लांबट ठेवा, पट्टा सरळ रेषेत आणायला पुढेमागे सरकवता येतं.

फिरायची दिशाही बघून घ्या. शाफ्टच्या तोंडाकडून पाहिलं तर ही इंजिनं घड्याळाच्या उलट फिरतात, तुमचं जुनंही बहुधा तसंच असेल. पण काही ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सकडची ताकद फ्लायव्हीलच्या बाजूने घेतलेली असते आणि पुढच्या टोकाला फक्त डेकचा क्लच असतो. तसल्या गाडीला बाजारातलं साधं इंजिन बसत नाही, फ्लायव्हीललाच जोड बनवावा लागतो. तुमचं पट्ट्यावर आहे, सुदैव.

ताकदीचं म्हणाल तर जीएक्स३९० ची नेट ताकद ३६०० आरपीएमला ११.७ हॉर्सपॉवर आहे. हेच इंजिन पूर्वी १३ चं म्हणून विकलं जायचं. इंजिन तेच, मोजायची पद्धत बदलली. तुमच्या गाडीला पुरेल.

दोन_सिलिंडर
एवढी मेहनत करताच आहात तर २० हॉर्सपॉवरच्या वरचं व्ही-ट्विन (दोन सिलिंडरचं इंजिन) का नाही टाकत? मी वापरतो. थरथर जवळजवळ नाही. तेलाचा पंप आहे, तेलाला फिल्टर आहे, चार्जिंग भरपूर. एकसिलिंडरमध्ये तेल नुसतं उडवून पसरवतात, उतारावर धाकधूक असते.

तेलकट_हात
व्ही-ट्विन इंजिन म्हणून उत्तमच, तुमचे मुद्दे मला मान्य आहेत. पण गिअरबॉक्सचं काय? सपाट जमिनीवर चाकं घसरतात तेव्हा गिअरवर येणारा जोर आपोआप मर्यादेत राहतो. मागे वजनं टांगली, टायरांना साखळ्या घातल्या आणि नांगर खोल रुतवला की चाक घसरत नाही. मग सगळा जोर गिअरच्या दातांवर येतो. १२ हॉर्सपॉवरसाठी बनलेल्या गिअरबॉक्सला त्या वेळी २२ दिली तर सगळ्यात आधी तोच जाईल, आणि जुनं_लोखंड यांच्याकडे आज चांगला आहे तो तेवढाच.

मोजमाप
शिवाय त्या मापाच्या पुष्कळ व्ही-ट्विनांचा शाफ्ट साधारण साडेअठ्ठावीस मिमी, म्हणजे १⅛ इंच असतो. पुली नवी, क्लच नवा. दोन्ही हेड बाजूला पसरतात, बॉनेट बसेल का तेही बघावं लागतं. फक्त गवत कापणाऱ्याला चालेल. नांगराचं काम असेल तर मी मूळ ताकदीच्या आसपासच राहीन.

दोन_सिलिंडर
बरोबर. माझ्या गाडीला नांगर नाही, हे सांगायला हवं होतं.

वायरमन
सगळे लोखंडावर बोलताहेत, पण अशा कामात नवं इंजिन जळतं ते वायरिंगमुळे. शांतपणे वाचा.

तुमच्या जुन्या इंजिनला ठिणगी देण्यासाठी बॅटरीचे १२ व्होल्ट लागतात. चावी चालू केली की स्विचमधून कॉइलला करंट जातो, बंद केली की तुटतो. नव्या इंजिनला मॅग्नेटो आहे. त्याला ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. त्याला थांबवायचं तर त्याची स्टॉप वायर बॉडीला अर्थ करावी लागते. म्हणजे सगळं बरोबर उलटं. कुणी जुन्या कॉइलची वायर सरळ नव्या इंजिनच्या स्टॉप वायरला जोडली तर १२ व्होल्ट मॅग्नेटोत शिरतात आणि कॉइल जळू शकते. जळली नाही तरी चावी बंद केल्यावर इंजिन थांबणार नाही.

सोपा मार्ग: सेल्फवाल्या नव्या इंजिनबरोबर बऱ्याचदा स्वतःचा चावीचा स्विच येतो, तोच डॅशबोर्डवर लावा.

मला आवडतो तो दुसरा मार्ग, जुना स्विच ठेवून मध्ये पाच पायांचा साधा गाडीचा रिले (एका लाइनच्या करंटने दुसरी लाइन जोडणारा-तोडणारा स्विच) घालायचा. रिलेचा ३० नंबर स्टॉप वायरला, ८७ए बॉडीला अर्थ. ८७ नंबर मोकळा, त्यावर टेप मारून ठेवा. ८५ अर्थला आणि ८६ ला जुन्या कॉइलची वायर. चावी बंद असताना ३० आणि ८७ए जोडलेले असतात, म्हणजे मॅग्नेटो अर्थ, इंजिन बंद. चावी चालू केली की रिले ओढला जातो, अर्थ तुटतो, ठिणगी येते. यातला मोठा फायदा म्हणजे सीटखालचा, क्लचचा किंवा डेकचा सुरक्षेचा स्विच जर त्या कॉइलच्या वायरमध्ये असेल, तर तो आहे तसाच काम करत राहतो. सीटवरून उठलात, लाइन तुटली, रिले सुटला, इंजिन बंद. ८५ किंवा ८६ ची वायर निसटली तरीही बंदच होतं, चालू राहत नाही. हे स्विच कृपा करून कुणी काढू नका. पाती फिरत असताना माणूस सीटवरून पडला तर वाचवणारी तेवढी एकच गोष्ट तिथे असते. काही जुन्या गाड्यांत हे स्विच फक्त सेल्फच्या लाइनमध्ये असतात, तिथे ते तसेच सेल्फच्या लाइनमध्ये ठेवा.

आता चार्जिंग. जीएक्स३९० वेगवेगळ्या चार्जिंग कॉइलसह मिळतं, त्यातली एक लहान, ३ अँपिअरची. तुमच्या डेकचा इलेक्ट्रिक क्लच चालू असताना किती ओढतो? मीटरने त्याच्या कॉइलचा रोध मोजा. ३ ओहम आला तर १२ भागिले ३, म्हणजे ४ अँपिअर. याचा अर्थ गवत कापत असताना बॅटरी भरत नाही, हळूहळू रिकामी होते. क्लच घसरतो, तापतो आणि लोक क्लचला नावं ठेवतात. म्हणून १० किंवा १८ अँपिअरच्या कॉइलचं मॉडेल मागवा, रेग्युलेटरसकट. नंतर बदलायचं तर फ्लायव्हील काढावं लागतं.

जुना सेल्फ-डायनॅमो, त्याचा पट्टा आणि रेग्युलेटरचा डबा सगळं निघेल. नव्या रेग्युलेटरची बॉडी चासीला घट्ट टेकली पाहिजे, खालचा रंग खरवडून. बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिन ब्लॉकपर्यंत जाड अर्थ वायर टाका. रंगवलेली प्लेट आणि रबरी पॅड यांच्या भरवशावर अर्थ ठेवलात तर सेल्फचा करंट ॲक्सिलेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल लाल होते. क्लचच्या दोन वायरींमध्ये उलटा डायोड घाला, क्लच बंद होताना जो झटका येतो तो स्विचचे पॉइंट जाळत नाही. कार्बोरेटरखाली पेट्रोल बंद करायचा सोलेनॉइड असेल तर त्याला मात्र चावीचे १२ व्होल्ट द्या.

बागवेडी
वायरमन, हे मी छापून शेडमध्ये लावणार आहे. एक शंका. या इंजिनावर पेट्रोलची टाकी वर बसवलेली असते ना? बॉनेटखाली ती मावेल का? ट्रॅक्टरची मूळ टाकी मागे, सीटच्या खाली आहे.

तेलकट_हात
इंजिनवरची टाकी काढून मूळ टाकी वापरा. पण वरच्या टाकीतून पेट्रोल आपोआप खाली उतरतं, मागच्या खालच्या टाकीतून चढणार नाही. क्रँककेसच्या दाबावर चालणारा छोटा पल्स पंप किंवा कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप लागेल. कमी दाबाचा हे महत्त्वाचं, जास्त दाब दिला तर फ्लोटची सुई उघडून कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. जुनी टाकी आतून गंजलेली असते, ती आधी साफ करा, मग नवी रबरी नळी आणि फिल्टर. नळी सायलेन्सरजवळून नेऊ नका.

आणि हवा. या इंजिनांना पाणी नाही, फ्लायव्हीलचा पंखा हवा ओढतो आणि सिलिंडरच्या पंखांवरून फेकतो. बॉनेटखाली तीच तापलेली हवा परत फिरून पंख्यात गेली तर नवं इंजिनही भाजून निघेल. थंड हवा कुठून येते आणि गरम कुठून जाते, मध्ये पत्र्याचा आडपडदा लागेल का, हे इंजिन ठेवल्यावर बघून घ्या. सायलेन्सरचं तोंड बॉनेटच्या पत्र्याकडे किंवा चालवणाऱ्याच्या पायाकडे नको.

जुनं_लोखंड
जुनं इंजिन उतरवलं. बॅटरी आधी सोडली, पेट्रोल काढलं, चेन पुलीने उचललं. पन्नास किलोच्या वर आहे, एकट्याने हातांनी उचलायचं धाडस कुणी करू नये. क्लच सुटला, पण पुली शाफ्टवर गंजून बसलीय. हातोडा घालू का?

मोजमाप
नाही! इंजिन भंगारात जाणार असलं तरी पुली तुम्हाला हवी आहे. कडेवर हातोडा पडला की बिडाची पुली तडकते. सेटस्क्रू दोन असतात, चावीच्या वर एक आणि बऱ्याचदा त्याच्याच खाली दुसरा. दोन्ही पूर्ण बाहेर काढा. गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा, मग पुलर लावून ताण द्या आणि ताणलेल्या अवस्थेतच पुलीच्या मधल्या जाड भागाला थोडी आच द्या. आसपास पेट्रोलचा वासही नको.

नव्या इंजिनवर चढवताना तर हातोडा कधीच नको. शाफ्टवर ठोकलं की धक्का थेट आतल्या बेअरिंगवर आणि क्रँककेसच्या झाकणावर जातो. शाफ्टला पातळ ग्रीस लावा, पुली हाताने सरकली पाहिजे. सरकत नसेल तर चावी काढून फक्त पुली घालून बघा, म्हणजे अडतंय ते बोअरमध्ये की खाचेत हे कळेल. पुलीचा व्यास मूळचाच ठेवा, क्लचवरच्या पुलीचाही. क्लचवर मोठी घातली तर डेकची पाती जास्त वेगाने फिरतात. पात्याच्या टोकाच्या वेगाची अमेरिकी मानकातली मर्यादा मिनिटाला १९,००० फूट आहे आणि मूळ डेक त्या हिशोबाने बनलेला असतो.

क्लचची बॉडी फिरू नये म्हणून जुन्या इंजिनावर एक अडकवण असेल. ती नव्या इंजिनला बनवून घ्यावी लागेल, नाहीतर पहिल्याच चालूला क्लचच्या वायरी तुटतील. अडकवण घट्ट बोल्टने जखडू नका, तिथे किंचित मोकळीक हवी.

तेलकट_हात
इंजिन प्लेटवर बसवण्याआधी तेल काढायच्या भोकाला लांब नळी आणि टोकाला बूच लावून ठेवा. नंतर तिथे पाना जाणार नाही.

नवं इंजिन तेलाशिवाय येतं. साधारण १.१ लिटर लागतं, पण डिपस्टिकवर बघून भरा. पहिलं तेल २० तासांनी बदला, नंतर दर १०० तासांनी. गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगला हात लावू नका. लोड नसताना वरचा वेग ३८५० च्या आसपास येतो, तो वाढवला की सगळ्यात आधी रॉड जातो.

जुनं_लोखंड
बसलं आणि चालतंय! पुली पुलर आणि आचेने निघाली. १ इंची शाफ्ट आणि १८ अँपिअरचं मॉडेल मागवलं, पुली आणि क्लच मिळून शाफ्टच्या आत बसले. प्लेट १२ मिमीची. पट्ट्याची रेषा सरळ पट्टी धरून जुळवली. वायरमन यांच्या रिलेचं काम चोख झालं, सीटवरून उठलं की इंजिन लगेच बंद. क्लच चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट दिसतात. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मागे नांगर उचलला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. आणि बांधाच्या उतारावर एकदा इंजिन आपोआप बंद पडलं. तेल बरोबर होतं.

मोजमाप
पहिल्याचं कारण वजन. नवं इंजिन साधारण ३१-३२ किलोचं आहे. जुन्याच्या मानाने पुढून वीसेक किलो कमी झालं. तेवढं वजन पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे, चासीला बोल्टने बांधा. बॉनेटवर किंवा इंजिनच्या प्लेटवर नको.

तेलकट_हात
दुसरं म्हणजे तेल कमी झाल्यावर इंजिन बंद करणारा स्विच. उतारावर तेल एका बाजूला गेलं की त्याला तेल कमी वाटतं. हे तेल उडवून पसरवणारं इंजिन आहे, २० अंशांच्या पुढे तिरकं चालवायचं नाही, त्यामुळे त्या स्विचची वायर काढू नका. उतारावर सरळ वर-खाली चालवा, आडवं नको, आणि तेलाची पातळी सपाट जागेवर तोंडापर्यंत आहे ना ते बघा. सपाटीवरही बंद पडायला लागलं तर स्विच किंवा त्याची वायर तपासू.

प्लेटचे, इंजिनचे आणि पुलीचे सगळे बोल्ट पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा पान्याने तपासा. एकसिलिंडरची थरथर नव्या प्लेटवर सुरुवातीला हमखास एखादा ढिला करते. सायलेन्सरचे नटसुद्धा.

जुनं_लोखंड
आत्ताच तपासले. प्लेटचा पुढचा डावा बोल्ट पाव फेरा फिरला, बाकी घट्ट आहेत. त्याला लॉक वॉशर घालतो. बागवेडी, तुमच्या ट्रॅक्टरच्या शाफ्टचं माप आणि उंची इथे टाका, माझ्या प्लेटचं ड्रॉइंग आहे, भोकांची मापं जुळतात का बघू.

बागवेडी
उद्या व्हर्नियर घेऊन खाली झोपते. शाफ्टचा व्यास, लांबी, उंची, चावी आणि क्लचचा रोध, पाचही आकडे टाकते.